'यूटोपिया' कसे वाचावे : आदर्श राज्याच्या वर्णनातला राजकीय उपरोध ओळखण्याची रीत

'यूटोपिया' हा शब्द आज मराठी लेखांतही सर्रास येतो आणि त्याचा अर्थ बहुधा 'प्रत्यक्षात कधी न उतरणारे सुखस्वप्न' एवढाच घेतला जातो. ज्या पुस्तकाने हा शब्द जगाला दिला, ते थॉमस मोर या इंग्रज कायदेपंडिताचे छोटेखानी लॅटिन पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. ते हाती घेणारा वाचक सहसा दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर तो ते राज्यकारभाराचा आराखडा समजून वाचतो आणि 'यातले काय आपल्याला पटते' याचा हिशेब मांडतो. नाही तर सगळी थट्टाच आहे असे ठरवून हसून मोकळा होतो. दोन्ही वाटांनी गेल्यास पुस्तकाचा गाभा हुकतो. मोरचा उपरोध त्या बेटावर काय आहे यापेक्षा त्याविषयी कोण बोलतो, कोणासमोर बोलतो आणि त्या वेळच्या इंग्लंडमधल्या कोणत्या गोष्टीशेजारी ते बोलणे ठेवले आहे, यात दडलेला आहे. या तीन गोष्टींवर लक्ष ठेवून पुस्तक कसे वाचावे, ते येथे क्रमाने सांगतो. सुरुवातीच्या काळातले इतर आदर्शराज्य-ग्रंथ वाचतानाही ही रीत पुष्कळ अंशी उपयोगी पडते.

वाचायला बसण्यापूर्वी

प्रथम आवृत्ती नीट निवडावी. मूळ पुस्तकाच्या पुढेमागे मोर आणि त्याच्या मित्रांची पत्रे व काही पद्ये छापलेली होती. अनेक स्वस्त आवृत्त्यांत ती गाळलेली असतात आणि तिथेच वाचकाचे नुकसान होते, कारण थट्टेचा सूर त्या पत्रांतच लावून दिलेला आहे. इंग्रजी अनुवादांपैकी राल्फ रॉबिन्सनचा १५५१ चा अनुवाद भाषेच्या गोडव्यासाठी वाचण्यासारखा आहे. पण पहिल्या वाचनासाठी तळटिपांत नावांची फोड देणारा एखादा आधुनिक अनुवाद घ्यावा.

दुसरी पूर्वतयारी म्हणजे पुस्तकाच्या जन्माची हकिकत ठाऊक करून घेणे. १५१५ साली आठव्या हेन्रीने व्यापारी बोलणी करण्यासाठी जे शिष्टमंडळ फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमच्या भागात) पाठवले, त्यात मोर होता. वाटाघाटी रेंगाळल्या, हाताशी मोकळा वेळ आला, आणि अँटवर्पमध्ये पीटर जाइल्स या विद्वान नगर-अधिकाऱ्याशी त्याची मैत्री जुळली. बेटाचे वर्णन करणारा दुसरा भाग मुख्यतः तिथे लिहिला गेला. इंग्लंडमधल्या अन्यायाची आणि राजसेवेची चर्चा करणारा पहिला भाग त्याने लंडनला परतल्यावर लिहिला आणि आधीच्या लेखनाच्या पुढे जोडला. आधी बेट रचले गेले आणि मग त्या बेटाकडे नेणारा दरवाजा बांधला गेला, हा क्रम ध्यानात ठेवावा. पहिला भाग कंटाळवाणी प्रस्तावना समजून ओलांडणाऱ्या वाचकाच्या हाती उपरोधाची किल्लीच लागत नाही.

नावांची फोड

आपल्याकडच्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशा सुरू होतात आणि ते नगर नकाशावर शोधायला कोणी जात नाही. मोरने याच्या नेमके उलट केले आहे. तो बेटाची रुंदी सांगतो, नगरांची संख्या ५४ अशी नेमकी देतो, राजधानीतल्या नदीवरच्या पुलाची लांबीही सांगतो. आणि त्याच वेळी प्रत्येक नावात ग्रीक शब्दांचा असा खेळ करतो की ग्रीक जाणणाऱ्याला सगळा डोलारा हवेत उभा असल्याचे कळावे. 'यूटोपिया' (Utopia) म्हणजे 'नसलेले ठिकाण'; पुस्तकाच्या आरंभीच्या एका पद्यात त्यालाच 'यूटोपिया' (Eutopia), म्हणजे 'चांगले' अशा अर्थाच्या ग्रीक 'eu' या उपसर्गाने 'सुखाचे ठिकाण', असेही म्हटले आहे, आणि इंग्रजी उच्चारात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. राजधानीचे नाव 'अमौरोट', म्हणजे धूसर, अंधुक नगरी. तिच्यातून वाहणारी नदी 'अनिड्रस', म्हणजे चक्क निर्जला. तिथल्या राज्यप्रमुखाच्या पदवीचा अर्थ 'प्रजा नसलेला'. आणि ही सगळी हकिकत सांगणारा प्रवासी राफाएल हिथलोडे, त्याच्या आडनावाचा अर्थ 'वायफळ गप्पा विकणारा' असा होतो, तर 'राफाएल' हे नाव बायबलच्या परंपरेत बरे करणाऱ्या देवदूताचे आहे.

ही नावे वहीच्या पहिल्या पानावर मराठी अर्थासह लिहून ठेवावीत, आणि वाचताना नाव आले की मनात अर्थ उच्चारावा. 'निर्जला नदीवर भक्कम दगडी पूल आहे' असे वाचले की वाक्याचा पोत एकदम बदलतो. मात्र नावे हास्यास्पद आहेत म्हणून मजकूरही हास्यास्पद, हा निष्कर्ष घाईचा आहे. हिथलोडेच्या नावात गप्पीदास आणि वैद्य दोघेही नांदतात. मोरने त्यातला एक पुसून टाकलेला नाही, वाचकानेही टाकू नये. गरिबांच्या फाशीविरुद्ध पुस्तकातले सर्वांत कळकळीचे भाषण याच गप्पीदासाच्या तोंडी आहे.

पत्रांतही हाच खेळ चालतो. पुलाची लांबी ५०० पावले की ३००, याविषयी आपल्याला शंका आहे, तेवढे हिथलोडेला विचारून कळव, असे मोर जाइल्सला गंभीरपणे लिहितो. आणि बेट नेमके कुठे आहे? जाइल्सच्या पत्रात त्याचे उत्तर असे आहे की राफाएल ते सांगत असतानाच एका नोकराने येऊन मोरच्या कानात काही सांगितले, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी जोरात खोकल्यामुळे जाइल्सलाही ऐकू आले नाही. तपशील जितका नेमका तितकी शंका धरावी, ही सवय येथून लावून घ्यावी. मोर आणि इरॅस्मस या दोघा मित्रांनी ल्यूशियन या प्राचीन उपरोधकाराचे ग्रीक संवाद लॅटिनमध्ये आणले होते, आणि ते १५०६ साली पॅरिसमध्ये छापले गेले होते. सरळ चेहऱ्याने थाप मारण्याची कला मोर त्याच्याकडून शिकला.

भाषेची एक लकबही टिपावी. मोरला नकारातून होकार सुचवायला आवडते. पुस्तकाच्या शीर्षकातच ते 'मनोरंजक आहे त्याहून कमी हितकारक नाही' असे म्हटले आहे. मराठीत आपण 'हे काही वाईट नाही' म्हणतो तेव्हा ते चांगले आहे की जेमतेम बरे आहे, हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते. मोर अशा वाक्यांनी वाचकाला निवाड्याच्या उंबऱ्यावरच उभे ठेवतो. अनुवादकाने ती सरळ होकारार्थी केली असतील तर तो अनुवाद बाजूला ठेवावा.

बोलतो कोण, ऐकतो कोण

या पुस्तकात 'मोर' नावाचे एक पात्र आहे, आणि ते पात्र म्हणजे लेखक मोर नव्हे. मराठी वाचकाने येथे विशेष सावध राहावे, कारण आपल्याला वेगळ्या संवादांची सवय आहे. महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. तिथे जोतीराव हे पात्र लेखकाचेच मत ठामपणे मांडते, आणि त्या ग्रंथाचे बळ त्या थेटपणात आहे. मोरच्या संवादात लेखकाने स्वतःला दोन पात्रांत वाटून घेतले आहे. राफाएल म्हणतो की राजाच्या दरबारात शहाणा सल्ला कोणी ऐकत नाही, म्हणून तत्त्वज्ञाने तिथे जाऊ नये. पात्र मोर म्हणते की वाईटाचे चांगले करता आले नाही तरी ते कमी वाईट करता येते, म्हणून प्रसंग ओळखून, आडवळणाने का होईना, सल्ला द्यावा. हे लिहून झाल्यावर थोड्याच काळात लेखक मोर हेन्रीच्या सल्लागार मंडळात गेला, १५२९ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे राजाचा सर्वोच्च न्यायमंत्री, झाला, आणि १५३५ मध्ये त्याच राजाच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद झाला. त्यामुळे हा वाद त्याच्यासाठी शोभेचा नव्हता. तरीही पुढच्या आयुष्यावरून पुस्तकाचा अर्थ लावू नये. यूटोपियात धर्माबाबत बरीच मोकळीक आहे; चॅन्सेलर मोरने मात्र पाखंडी ठरवलेल्यांना जाळण्याचे समर्थन केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडून निघत नाही.

बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यांकडे पाहावे. याचा उत्तम धडा पहिल्या भागातल्या कार्डिनल मॉर्टनच्या भोजनप्रसंगात आहे, आणि तो दोनदा तरी वाचावा असे मी आग्रहाने सांगेन. मॉर्टन हा खरा माणूस. कँटरबरीचा आर्चबिशप आणि इंग्लंडचा चॅन्सेलर. बालपणी मोर त्याच्या घरी सेवेत होता. त्याच्या पंगतीत एक वकील चोरांना मिळणाऱ्या कठोर शिक्षेचे कौतुक करतो : कधी कधी एकाच वधस्तंभावर वीस-वीस जण लटकवले जातात, तरी चोर कमी कसे होत नाहीत, याचे त्याला नवल वाटते. राफाएल उत्तर देतो की पोट भरायला दुसरा मार्ग न उरलेल्या माणसाला कोणतीही शिक्षा रोखू शकत नाही. चोरांना फाशी देण्याऐवजी त्यांच्याकडून काम करून घेऊन नुकसान भरून घ्यावे. वकील मान हलवतो, 'इंग्लंडमध्ये हे चालायचे नाही' म्हणतो, आणि सारी पंगत त्याला दुजोरा देते. मग कार्डिनल म्हणतो की प्रयोग करून पाहायला हरकत नाही, हीच रीत भटक्या भिकाऱ्यांनाही लावता येईल. त्याबरोबर ज्यांनी राफाएलला झिडकारले होते तेच त्या कल्पनेची तोंड भरून स्तुती करू लागतात. त्यातही भिकाऱ्यांच्या मुद्द्याची अधिक, कारण ती भर खुद्द कार्डिनलने घातलेली असते.

येथे थांबावे आणि उपरोध नेमका कोणावर आहे ते ठरवावे. वकिलावर तर आहेच. पण त्याहून खोल घाव खुशमस्कऱ्या पंगतीवर आहे. आणि तरीही त्याच प्रसंगात राफाएलच्या म्हणण्याला छेद जातो, कारण एका सत्ताधाऱ्याने त्याचा सल्ला खरोखर ऐकून घेतला. 'दरबारात सल्ला वाया जातो' हे सिद्ध करण्यासाठी राफाएल ही गोष्ट सांगतो, आणि गोष्ट निम्मी त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. ज्याला ही तेढ दिसली त्याला पुढचे पुस्तक कसे वाचायचे ते कळले.

बेटाशेजारी इंग्लंड ठेवणे

आता वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे यूटोपियातली रीत लिहावी, उजवीकडे ती इंग्लंडमधल्या कोणत्या गोष्टीला उत्तर देते ते लिहावे. उजवी बाजू बहुतेक पहिल्या भागातच सापडते. राफाएल म्हणतो की एरवी गरीब असलेली इंग्लंडमधली मेंढरे आता इतकी खादाड झाली आहेत की ती माणसेच गिळू लागली आहेत. त्यामागे लोकरीच्या नफ्यासाठी जमीनदारांनी शेते आणि गावची सामायिक कुरणे कुंपणे घालून बळकावण्याचा खराखुरा प्रकार होता. तो रोखण्यासाठी १४८९ आणि १५१५ मध्ये कायदे झाले होते, १५१७ मध्ये सरकारी चौकशीही नेमली गेली. मोर स्वतः लोकर व्यापाराशी निगडित बोलण्यांसाठी गेलेला होता, हे आठवले की मेंढरांचे ते वाक्य अधिक बोचते. या नोंदीसमोर डाव्या बाजूला यूटोपियातली शेती येईल : प्रत्येक नागरिकाला शेतकाम शिकावेच लागते, आणि दिवसाला फक्त सहा तास काम असते, कारण काम न करता खाणारे तिथे कोणी नाही.

राजाच्या सल्लागारांचा प्रसंगही असाच मांडावा. एक सल्लागार सुचवतो की देणे देताना नाण्याची किंमत चढवावी आणि घेणे घेताना उतरवावी. दुसरा म्हणतो, युद्धाचे सोंग करून कर गोळा करावा आणि मग तह करावा. तिसरा म्हणतो, विस्मृतीत गेलेले जुने कायदे उकरून लोकांना दंड करावेत. राजा 'कोणी एक' आहे, नाव नाही. पण सातव्या हेन्रीच्या काळातल्या दंडवसुलीमुळे बदनाम झालेल्या एम्प्सन आणि डडली या दोन मंत्र्यांना १५१० मध्ये मृत्युदंड मिळाला होता. इंग्रज वाचकाला नाव सांगण्याची गरजच नव्हती. शेजारी मोर 'सुखी' अशा अर्थाच्या नावाचे एक राष्ट्र ठेवतो, जिथला राजा आपल्या खजिन्यात हजार पौंडांहून अधिक सोने कधी ठेवणार नाही अशी शपथ घेतो. जिथे नाव टाळलेले दिसेल तिथे काळ आणि घटना तपासाव्यात. ते टाळणेच बहुधा खूण असते.

सोन्याचा प्रसंग

दुसऱ्या भागातला सोन्याचा प्रसंग सर्वांना आवडतो आणि म्हणूनच तो वरवर वाचला जातो. यूटोपियात सोन्याची शौचपात्रे करतात, गुलामांच्या बेड्या करतात. अपराध्यांच्या कानात सोन्याच्या बाळ्या आणि गळ्यात सोन्याच्या माळा घालतात. मोती लहान मुलांना खेळायला देतात. परदेशातून तीन राजदूत शंभर सेवकांसह सोन्याने मढून येतात, तेव्हा लोक साध्या वेशातल्या सेवकांना धनी समजून नमस्कार करतात आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या पाहून राजदूतांना गुलाम समजतात. या साखळ्या फार बारीक आहेत, गुलाम सहज तोडेल, अशी टीकाही कोणी करतो. एक मुलगा आईला म्हणतो, बघ, एवढा मोठा बाप्या अजून मोती घालून फिरतो. आई त्याला दटावते, गप्प, तो राजदूतांचा विदूषक असावा.

आता प्रश्न विचारावा : येथे हसे कोणाचे होते? हे लिहिणारा मोर त्या वेळी स्वतः राजाच्या शिष्टमंडळात होता. १५२७ मध्ये होल्बाइनने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात त्याच्या खांद्यांवर राजसेवेची खूण असलेली सोन्याची जाड साखळी आहे. ते चित्र समोर ठेवून हा उतारा वाचून पाहावा. आपल्याच वर्गाच्या गळ्यातली बेडी त्याने केव्हाच ओळखली होती, हे पाहून मला प्रत्येक वेळी थरकल्यासारखे होते.

पण येथेही थांबू नये. हेच सोने यूटोपियन लोक जपूनही ठेवतात, कारण युद्धात भाडोत्री सैनिक विकत घ्यायला आणि शत्रूच्या माणसांना फितवून त्यांच्या राजाचा खून करवायला ते लागते. घरात तुच्छ मानलेली वस्तू बाहेर रक्ताची किंमत म्हणून चालते. मघाशी हसलेल्या वाचकाला येथे खटकले पाहिजे.

जिथे बेटच टोचते

अशा खटकणाऱ्या जागांची वेगळी यादी करावी. यूटोपियात गुलाम आहेत. जनावरे मारण्याचे काम गुलामांकडे दिलेले आहे, आणि कारण असे की नागरिकांच्या मनातली दया बोथट होऊ नये. परवानगीवाचून प्रवास केल्यास शिक्षा होते, आणि पुन्हा केल्यास गुलामगिरी. बायका नवऱ्यांसमोर गुडघे टेकून चुका कबूल करतात. लोकसंख्या वाढली की शेजारच्या देशातली पडीक जमीन घेतात, आणि तिथल्या लोकांनी विरोध केल्यास युद्ध करणे न्याय्य मानतात.

या जागांपाशी 'हाही उपरोधच' म्हणून मोरला सोडवू नये आणि 'हेच त्याचे खरे मत' म्हणून त्याला अडकवूही नये. प्रत्येक जागी मजकुरात हसण्याची खूण आहे का ते पाहावे. खाटीककामाच्या जागी ती आहे, कारण पुढे शिकारीलाही खाटीककामाचाच हलका भाग ठरवून सरदारांच्या लाडक्या छंदाची किंमत केलेली आहे. पडीक जमिनीच्या जागी मला तशी खूण सापडत नाही. राफाएल हा पोर्तुगीज आहे, अमेरिगो वेस्पुची या दर्यावर्दीच्या सफरींत गेलेला आहे, आणि परतताना कालिकतला त्याला पोर्तुगीज जहाजे मिळतात. पुस्तक छापले जाण्याच्या सहा वर्षे आधी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा जिंकले होते. आपल्या किनाऱ्यावर बसून वाचणाऱ्याला 'रिकामी जमीन' या शब्दांचा जो अर्थ जाणवतो, तो मोरच्या लंडनमधल्या मित्रांना जाणवला असेलच असे नाही, आणि तो वाचनात आणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ही रीत दुसऱ्या ग्रंथांना लावताना तारतम्य हवे. कांपानेला या इटालियन तत्त्वज्ञाने तुरुंगात १६०२ मध्ये लिहिलेले 'सूर्यनगर' हाही संवादच आहे. पण त्यात सांगणाऱ्या खलाशाला कोणी खऱ्या अर्थाने छेदत नाही, आणि नावेही थट्टा करीत नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या 'नव्या अटलांटिस'मध्ये (१६२७) तर संशोधनाच्या भव्य संस्थेची मनापासून केलेली कल्पना आहे. तिथे ओढूनताणून उपरोध शोधू नये.

शेवटचा परिच्छेद

राफाएलचे भाषण गर्वाच्या निषेधाने संपते. गर्व आपले सुख आपल्या सोयींनी मोजत नाही, दुसऱ्यांच्या दुःखाने मोजतो, असे तो म्हणतो. त्यानंतर पात्र मोर मनातल्या मनात आक्षेप घेते : पैसाच नसलेल्या या सामायिक व्यवस्थेने सरदारकी, थाटमाट, वैभव, ऐश्वर्य सगळे नष्ट होईल, आणि लोकांच्या समजुतीप्रमाणे राज्याची खरी भूषणे तीच आहेत. 'लोकांच्या समजुतीप्रमाणे' हे शब्द अधोरेखित करावेत. ज्या वाचकाने सोन्याच्या साखळ्या पाहिल्या आहेत आणि गर्वावरचे भाषण नुकतेच ऐकले आहे, त्याच्यापुढे हा आक्षेप उभा राहू शकत नाही. तरीही अगदी शेवटी मोर म्हणतो की या राज्यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्याकडे याव्यात अशी इच्छा आहे, आशा मात्र तितकी नाही. आणि हे वाक्य सरळ मनाचे वाटते.

त्याआधीची कृतीही पाहावी. राफाएल दमला आहे, आणि विरोध त्याला सोसेल की नाही याची खात्री नाही, म्हणून मोर आपला आक्षेप बोलून दाखवत नाही. तो त्या लोकांच्या रीतीची आणि राफाएलच्या सांगण्याची स्तुती करतो, पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू म्हणतो, आणि त्याचा हात धरून त्याला जेवायला आत नेतो. राजाच्या दरबारात सल्लागाराने जसे प्रसंग ओळखून, आडवळणाने वागावे असे त्याने पहिल्या भागात सांगितले होते, तसेच तो येथे राफाएलशी वागतो. हे लक्षात आले की पुस्तक मिटू नये. पहिल्या भागात मागे जाऊन मॉर्टनची पंगत तिसऱ्यांदा उघडावी, आणि तिथे कोण कोणाची स्तुती कशासाठी करतो ते या शेवटच्या स्तुतीशेजारी ठेवून पाहावे.